होय, मंत्रिमहोदय! : विनोदातून समजणारी नोकरशाही



आठवीच्या नागरिकशास्त्रात 'नोकरशाही' असा एक पाठ आहे. नोकरशाहीची वैशिष्ट्ये सांगा म्हटलं की मुलं कायमस्वरूपी यंत्रणा, राजकीय तटस्थता, अनामिकता असे मुद्दे पटापट लिहितात आणि त्याचे गुणही मिळतात. पण त्याच मुलाला विचारा, "खात्याचा मंत्री मोठा की खात्याचा सचिव?" तो आपल्या तोंडाकडे बघत बसतो. खरं तर हा प्रश्न मोठ्या माणसांनाही अडचणीत टाकणारा आहे. पुस्तकातलं उत्तर एक असतं आणि एखाद्या दाखल्यासाठी कचेरीच्या चकरा मारताना कळणारं उत्तर दुसरंच असतं.

या दोन उत्तरांच्या मधली जी फट आहे, तिथे राजकीय उपहास उगवतो. आपल्या भाषेत तो जुनाच आहे. 'सरकारी काम अन् सहा महिने थांब' ही म्हण कोणत्याही लेखकाने लिहिलेली नाही, लोकांनीच अनुभवातून घडवली आहे. पण म्हणीत चिमटा असतो, स्पष्टीकरण नसतं. सहा महिने का लागतात? ते सहा महिने नेमके कुठे जातात? हे हसवत हसवत समजावून सांगणारी एक इंग्रजी मालिका आहे. तिच्याबद्दल आज थोडं सविस्तर लिहितो. वर्गात शिकवायला तिचा उपयोग होतो आणि घरी पालकांनाही होईल.

मालिकेचं नाव 'येस मिनिस्टर'. बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवर ती २५ फेब्रुवारी १९८० रोजी सुरू झाली. लेखक दोघे, अँटनी जे आणि जोनाथन लिन. १९८४ मध्ये एक विशेष भाग झाला, त्यात मालिकेतले मंत्री थेट पंतप्रधान होतात. त्यानंतर १९८६ ते १९८८ या काळात 'येस, प्राइम मिनिस्टर' या नावाने पुढची मालिका आली. सगळे मिळून फक्त ३८ भाग. आपल्याकडच्या मालिका हजार भाग झाले तरी सासू-सुनेत अडकून पडतात, त्या मानाने हे फारच थोडं. पण ४० वर्षांनंतरही लोक ते ३८ भाग शोधून शोधून बघतात.

एक मजेदार गोष्ट. मालिकेचा पहिला भाग १९७९ मध्येच तयार होता. त्या वर्षी मे महिन्यात ब्रिटनमध्ये सार्वत्रिक निवडणूक होती. मतदारांवर परिणाम नको म्हणून बीबीसीने तो निवडणूक होईपर्यंत बाजूला ठेवला. म्हणजे सरकारी दिरंगाईवरची मालिका स्वतःच दिरंगाईत सापडली!

पात्रं मुख्य तीन. जिम हॅकर हे मंत्री. निवडून आलेले, उत्साही, आपण काहीतरी बदलून दाखवू असं मनापासून वाटणारे आणि तितकेच उद्याच्या वर्तमानपत्राला घाबरणारे. खातं मात्र काल्पनिक, 'प्रशासकीय व्यवहार खातं'. दुसरे सर हम्फ्री ॲपलबी, खात्याचे सचिव. ब्रिटनमध्ये या पदाच्या नावातच 'कायम' हा शब्द आहे, पर्मनंट सेक्रेटरी. मंत्री येतात नि जातात, हे तिथेच असतात. तिसरा बर्नार्ड वूली, मंत्र्यांचा स्वीय सचिव. त्याची अवस्था दोन घरच्या पाहुण्यासारखी. रोजचं काम मंत्र्यांचं करायचं, पण बढती कधी मिळणार हे हम्फ्रींच्या हातात. पॉल एडिंग्टन, नायजेल हॉथॉर्न आणि डेरेक फाउल्ड्स या तिघांनी या भूमिका केल्या. संपूर्ण मालिकेत हॅकर कोणत्या पक्षाचे आहेत हे एकदाही सांगितलेलं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे वर्गासाठी ती कामाला येणार आहे.

आता आपल्या पाठातली ती तीन वैशिष्ट्यं घेऊ आणि मालिकेतून बघू.

पहिलं, कायमस्वरूपी यंत्रणा. ही कल्पना मुळात फार चांगल्या हेतूने आली. पूर्वी ब्रिटनमध्ये सरकारी नोकऱ्या ओळखीपाळखीवर वाटल्या जात. १८५४ च्या नॉर्थकोट-ट्रेव्हेलियन अहवालाने सांगितलं की नेमणूक परीक्षेतून व्हावी, बढती गुणांवर व्हावी आणि सरकार बदललं तरी नोकर बदलू नयेत. त्याच सुमारास हिंदुस्थानातल्या सनदी सेवेसाठीही खुली स्पर्धा परीक्षा सुरू झाली. आज आपल्या गावातला मुलगा पुण्यात जाऊन अभ्यासिकेत बसतो आणि ज्या परीक्षांची तयारी करतो, त्यांचं मूळ तिथे आहे. म्हणून ही मालिका लंडनची असली तरी आपल्याला अगदी ओळखीची वाटते. सांगाडा एकच आहे.

पण कायम असण्याचा दुसरा अर्थ मालिका दाखवते. मंत्र्याला खातं समजून घ्यायला वर्ष लागतं आणि तोवर खातेबदल होतो. सचिवाकडे ३० वर्षांची माहिती असते. मग निर्णय कोण घेतं? कागदावर सही मंत्र्याची असते, पण कोणता कागद, कधी, कोणत्या ढिगात आणि ढिगाच्या कितव्या थरात ठेवायचा हे दुसराच माणूस ठरवतो. दिवसभराच्या बैठका, भेटी आणि उद्घाटनं मंत्र्याच्या डायरीत ठासून भरली की त्याला विचार करायला वेळच उरत नाही. हम्फ्री मंत्र्यांना कधी 'नाही' म्हणत नाहीत, ते नेहमी 'होय, मंत्रिमहोदय' असंच म्हणतात. सगळी गंमत त्या होकारात आहे.

मंत्र्यांना एखाद्या गोष्टीपासून परावृत्त करायचं असेल तर हम्फ्री तिला विरोध करत नाहीत. ते म्हणतात, हा निर्णय 'धाडसी' आहे. हॅकर लगेच घाबरतात. मालिकेच्या कोशात 'वादग्रस्त' म्हणजे मतं कमी होतील आणि 'धाडसी' म्हणजे निवडणूकच हराल. कौतुकाच्या शब्दाने पाय मागे ओढायचा हा प्रकार मला संपूर्ण मालिकेत सर्वांत सुंदर वाटतो. मराठीच्या तासाला शब्दाचा वाच्यार्थ आणि व्यंग्यार्थ शिकवताना याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही.

दुसरं वैशिष्ट्य तटस्थता. सरकार कोणाचंही असो, तितक्याच निष्ठेने काम करायचं. हम्फ्री खरोखर तटस्थ आहेत. त्यांना कोणत्याही पक्षाचं धोरण नको आहे, कारण धोरण म्हटलं की बदल आला! इथे १९८१ च्या एका भागाची गोष्ट सांगतो. ती मुलांना सांगितली तर मुलं पोट धरून हसतात.

सेंट एडवर्ड नावाचं एक नवं कोरं रुग्णालय असतं. इमारत तयार, यंत्रसामग्री तयार. प्रशासकीय आणि इतर कर्मचारी पाचशेच्या वर. लेखा विभाग आहे, कर्मचारी विभाग आहे, स्वच्छता आहे, भोजनगृह आहे. नाही ते फक्त रुग्ण. डॉक्टर आणि परिचारिका नेमायला पैसे नाहीत, त्यामुळे रुग्ण घेता येत नाहीत. मंत्री चक्रावतात. ते म्हणतात, मग हे लोक काय करतात? त्यांना सांगितलं जातं की रुग्ण असोत वा नसोत, रुग्णालय चालवायचं म्हणजे ढीगभर कामं असतात. मंत्री प्रत्यक्ष भेट द्यायला जातात, तेव्हा तिथली प्रशासक अभिमानाने सांगते की हे देशातलं एक अत्यंत उत्तम चाललेलं रुग्णालय आहे. स्वच्छतेच्या पुरस्कारासाठी त्याचं नाव पुढे आलेलं असतं. बरोबरच आहे, रुग्ण नसले की घाण कोण करणार?

हा प्रकार पूर्ण कल्पनेतून आलेला नव्हता, अशा रिकाम्या जागा प्रत्यक्षात होत्या, असं लेखकांनी नंतर सांगितलं आहे. त्यांच्या आधाराला आणखी एक गोष्ट होती. रिचर्ड क्रॉसमन नावाच्या ब्रिटिश मंत्र्याने आपल्या कारकिर्दीत रोजनिशी लिहिली होती. त्याच्या मृत्यूनंतर १९७५ पासून ती प्रसिद्ध झाली, आणि ती छापू नये म्हणून सरकारने न्यायालयापर्यंत प्रयत्न केला. मंत्रालयाच्या बंद दाराआड काय चालतं हे त्या रोजनिशीने उघड केलं. शिवाय आतल्या गोटातली माणसं लेखकांना गोष्टी पुरवत असत.

त्या रुग्णालयाच्या गोष्टीवर शिक्षक म्हणून जरा थांबायला हवं, कारण ती आपल्या फार जवळ येते. एखाद्या शाळेत सगळी रजिस्टरं पूर्ण आहेत, पोषण आहाराची नोंद रोजच्या रोज भरलेली आहे, भिंती रंगवलेल्या आहेत, उपक्रमांचे फोटो वेळेवर अपलोड झालेले आहेत आणि चौथीतल्या मुलीला परिच्छेद वाचता येत नाही. तपासणीला आलेला माणूस काय बघणार? रजिस्टरच. मुलीला वाचायला सांगायला वेळ लागतो, रजिस्टर उलटायला लागत नाही. यात कोणी चोर नाही, कोणी आळशीही नाही. उलट सगळे दमून जाईपर्यंत काम करत असतात. त्या रुग्णालयातही सगळे कामातच होते.

मला ही मालिका वेगळी वाटते ती याच कारणाने. आपल्याकडे सरकारवरचा विनोद म्हटला की तो बहुतेक वेळा लाचेवर येऊन थांबतो. टेबलाखालून पाकीट, साहेबांची गाडी, ठेकेदाराचा मेहुणा. 'येस मिनिस्टर'मधले हम्फ्री लाच घेत नाहीत. ते सभ्य, विद्वान आणि मेहनती आहेत. त्यांना पदकं नि किताब आवडतात हे खरं, पण पैसे खाऊन त्यांनी काही केलेलं नाही. तरीही लोकांचं नुकसान होतं. ते कसं होतं, हे समजायला लाचेच्या विनोदापेक्षा बरीच जास्त अक्कल लागते आणि मालिका ती प्रेक्षकाला देते.

तिसरं वैशिष्ट्य अनामिकता. निर्णयाचं श्रेय किंवा दोष मंत्र्याला, सचिव पडद्याआड. विधिमंडळात उत्तर मंत्री देतो. पुस्तकात हे एका ओळीत येतं. मालिकेत मात्र दिसतं की जो पडद्याआड असतो त्याला बोलण्याचीही खास पडद्याआडची भाषा लागते. हम्फ्रींची वाक्यं एवढी लांब आणि वळणदार असतात की ती संपेपर्यंत मंत्री सुरुवात विसरतात. आपल्याला ही भाषा काही नवीन नाही. मी नमुन्यादाखल एक वाक्य बनवलं आहे, बघा:

"उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, संदर्भीय पत्रातील मुद्द्यांच्या अनुषंगाने आवश्यक ती पडताळणी करून सदर प्रकरणी उचित कार्यवाही करणे योग्य राहील किंवा कसे, याबाबत स्वयंस्पष्ट अभिप्रायासह मार्गदर्शन होणेस विनंती आहे."

याचा मराठीत अर्थ, "करू का?"

सातवी-आठवीच्या मुलांना असं एखादं वाक्य देऊन 'आजीला समजेल असं लिहा' हा स्वाध्याय जरूर द्या. आणि उलटही द्या. 'मला तहान लागली आहे' हे वाक्य सरकारी पत्रात लिहा. मुलं जे लिहितात ते वाचून शिक्षक खोलीत दिवसभराची करमणूक होते. शिवाय कर्मणी प्रयोग विनासायास पक्का होतो, कारण सरकारी भाषेत कोणीच काही करत नाही, सगळं आपोआप 'करण्यात येतं'.

वर्गात आणखी एक गोष्ट फार चांगली चालते. 'येस, प्राइम मिनिस्टर'च्या १९८६ च्या एका भागात जनमत चाचणीचा विषय येतो. देशात सक्तीचं लष्करी शिक्षण पुन्हा सुरू करावं का? चाचणीत लोकांनी 'हो' म्हटलेलं असतं. हम्फ्री बर्नार्डला म्हणतात, मग दुसरी चाचणी घ्या, उलट उत्तर येईल अशी. कशी ते प्रात्यक्षिकासह दाखवतात. आधी विचारतात, बेकार तरुणांची काळजी वाटते का, गुन्हेगारी वाढतेय असं वाटतं का, शाळांमध्ये शिस्त कमी झाली आहे का, तरुणांना दिशा हवी का? बर्नार्ड प्रत्येकाला हो म्हणत जातो आणि शेवटी सक्तीच्या लष्करी शिक्षणालाही हो म्हणून बसतो. मग हम्फ्री दुसरी माळ सुरू करतात. युद्धाची भीती वाटते का, शस्त्रं वाढताहेत याची चिंता वाटते का, कोवळ्या मुलांच्या हाती बंदुका देणं धोक्याचं नाही का, कोणावर सक्ती करणं चूक ना? बर्नार्ड पुन्हा हो हो म्हणत जातो आणि या वेळी त्याच गोष्टीला विरोध नोंदवतो. दोन मिनिटांत एकाच माणसाची दोन मतं.

हेच आपल्या वर्गात करून बघा. विषय घ्या 'शाळेत मोबाईल आणू द्यावा का?' वर्गाचे दोन गट करा. एका गटाच्या चिठ्ठीवर हे प्रश्न: घरी जाताना तुम्हाला कधी उशीर होतो का? आईला तुमची काळजी वाटते का? शब्दाचा अर्थ पटकन शोधता आला तर अभ्यासाला मदत होईल का? मोबाईल आणू द्यावा का? दुसऱ्या गटाला: मोबाईलमुळे डोळे दुखतात का? वर्गात कोणाचा फोन वाजला तर लक्ष उडेल का? महागडी वस्तू हरवली तर घरी ओरडा बसेल का? मोबाईल आणू द्यावा का? दोन्ही गटांचे निकाल फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. मग काहीच बोलू नका, मुलांनाच बोलू द्या. मी सातवीत हे केलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, म्हणजे शेवटचा प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर ठरलेलं होतं!" व्हॉट्सॲपवर रोज येणारे 'जनमत कौल' वाचताना हे वाक्य आठवावं.

तर्कशास्त्रासाठीही एक तुकडा आहे. काहीतरी केलंच पाहिजे, हे 'काहीतरी' आहे, म्हणून हे केलंच पाहिजे. १९८८ च्या एका भागात याला राजकारण्यांचं तर्कशास्त्र म्हटलं आहे. निकाल घसरला की शाळांना नवा तक्ता भरायला लावणं कोणत्या तर्काने होतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मंत्री बिचारे चांगले आणि सचिव खलनायक, असा समज मात्र करून घेऊ नका. हॅकरही काही कमी नाहीत. १९८४ च्या त्या विशेष भागात ते पंतप्रधान कसे होतात माहीत आहे? ब्रिटिश सॉसेज वाचवून! युरोपच्या नियमांमुळे आपल्या सॉसेजचं नाव बदलावं लागणार असा बागुलबुवा ते उभा करतात आणि मग त्या संकटातून देशाला वाचवल्याची टाळी घेतात. आधी अस्मिता धोक्यात आणायची, मग ती वाचवायची. आणि अनेक भागांत हम्फ्रींचंच म्हणणं बरोबर असतं, कारण हॅकरची योजना खरोखर घाईची आणि फोटोसाठी केलेली असते.

या मालिकेची सर्वांत मोठी चाहती कोण होती? स्वतः पंतप्रधान मार्गारेट थॅचर. जानेवारी १९८४ मध्ये तर त्यांनी मालिकेच्या दोन्ही मुख्य अभिनेत्यांबरोबर एक छोटा प्रवेशही सादर केला, त्यात त्या स्वतःचीच भूमिका करत होत्या. सत्तेवरच्या माणसाने उपहासाला हसून दाद देणं मोठेपणाचं वाटतं. पण मला यात एक शंकाही येते. ज्यांच्यावर टीका आहे त्यांनाच ती इतकी गोड का लागावी? थॅचर यांना सरकारी यंत्रणेचा पसारा कमी करायचा होता आणि ही मालिका दर आठवड्याला त्या पसाऱ्याची हजेरी घेत होती. म्हणजे टीका त्यांच्या सोयीचीच होती. उपहास कोणाच्या कामी येतो, हेही बघायला हवं.

आपल्याकडे ही मालिका हिंदीत आली होती. 'जी मंत्रीजी', २००१ मध्ये, स्टार प्लसवर. फारूख शेख मंत्री होते आणि जयंत कृपलानी सचिव. फारूख शेख यांचा तो गोंधळलेला, सज्जन चेहरा हॅकरला अगदी शोभला. मराठीत अशी मंत्री-सचिवांची विनोदी जोडी मला आठवत नाही. 'सिंहासन' (१९७९) आहे, पण तो गंभीर चित्रपट आणि त्यातली झुंज राजकारण्यांची आपसातली, खुर्चीसाठीची. खरं तर विषय आपल्याकडे तयार आहे. मुंबईच्या त्या इमारतीला पूर्वी 'सचिवालय' म्हणत, शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना तिचं 'मंत्रालय' झालं. घर सचिवांचं की मंत्र्यांचं, हा वाद नावातच मिटवून टाकला! आत मिटला की नाही, ते तिथे फायली घेऊन जाणाऱ्यांना विचारा.

आता पालकांसाठी दोन शब्द. मुलांसमोर आपण सहज म्हणतो, "सगळे सारखेच, सगळे चोर." हे वाक्य उपहास नाही, हा कंटाळा आहे. ते ऐकून मूल एकच शिकतं, की यात आपण लक्ष घालण्यात अर्थ नाही. मालिका बघूनही हाच निष्कर्ष निघू शकतो, तो धोका आहेच. म्हणून गोष्ट सांगून झाल्यावर दुसरी बाजू सांगायला विसरू नका. घरोघरी पोलिओचे दोन थेंब देणारी, मतदार यादी करणारी, पुरात बोट घेऊन येणारी, दुर्गम वाडीवर मतदान यंत्र पोहोचवणारी यंत्रणाही हीच आहे. सरदार पटेलांनी २१ एप्रिल १९४७ रोजी दिल्लीत नव्या सनदी अधिकाऱ्यांपुढे भाषण केलं, त्या तारखेला आपण नागरी सेवा दिन पाळतो. फाळणीच्या तोंडावर देश एकसंध ठेवायला त्यांना हीच कायमस्वरूपी यंत्रणा हवी होती. आणि शिक्षकांनो, त्या यंत्रणेचं शेवटचं बोट आपणच आहोत. गावातल्या माणसाला दिसणारं सरकार म्हणजे तलाठी, ग्रामसेवक, अंगणवाडी ताई आणि आपण.

वर्गात सांगताना एक पथ्य पाळा. हॅकर कोणत्या पक्षाचे हे लेखकांनी सांगितलं नाही, तसंच आपणही गावातल्या किंवा जिल्ह्यातल्या कोणत्याही नेत्याचं, अधिकाऱ्याचं नाव घ्यायचं नाही. मुलांनी घेतलं तर हसून पुढे जायचं. विनोद पदावर करायचा, माणसावर नाही. नाव आलं की चर्चा संपते आणि घराघरातली भांडणं वर्गात येतात.

मालिकेचं इंग्रजी आपल्या मुलांना झेपणारं नाही, कित्येकदा आपल्यालाही अवघड जातं. त्यामुळे भाग दाखवण्याचा हट्ट धरू नका, आधी गोष्ट मराठीत सांगा. पाचवी-सहावीला फक्त रुग्णालयाची गोष्ट पुरे. सातवीला चिठ्ठ्यांचा खेळ घ्या. आठवीला 'नोकरशाही'चा पाठ सुरू करण्याच्या आदल्या दिवशी एक टेबल मध्ये ठेवून तीन मुलांना उभं करा, एक मंत्री, एक सचिव, एक स्वीय सचिव. मंत्र्याला सांगा, 'शाळेसमोर गतिरोधक हवा' असा आदेश द्यायचा आहे. सचिवाला सांगा, एकदाही 'नाही' न म्हणता तो होऊ द्यायचा नाही. दहा मिनिटं द्या. बर्नार्डसाठी वर्गातला सगळ्यात प्रामाणिक मुलगा निवडा, त्याचे हाल बघण्यासारखे होतात.